ओटीतल्या स्टुलावर कोण बसतं?

नीट-पीजीचा निकाल लागला की घरात एकच विषय सुरू होतो: कॉलेज कुठलं? मागच्या वर्षीचे कटऑफ पडताळले जातात, ओळखीच्या डॉक्टरांना फोन होतात, आणि चॉइस फिलिंगची यादी बहुतेक वेळा नावाच्या क्रमाने लागते. मोठं शहर वर, लहान शहर खाली. जुनं कॉलेज वर, नवं खाली. मुलगा किंवा मुलगी ऑप्थॅल घेणार असेल, तर ही यादी थोडी थांबून पुन्हा लावायला हवी.

नेत्रविज्ञानाची एमएस किंवा डीएनबी तीन वर्षांची. पुस्तकं सगळीकडे तीच, परीक्षेचा अभ्यासक्रमही जवळपास तोच. फरक पडतो तो हातात. डोळ्याची शस्त्रक्रिया सर्जन बसून करतो. रुग्णाच्या डोक्याशी एक स्टूल, समोर मायक्रोस्कोप. असिस्ट करणारा बाजूच्या स्टुलावर. रेसिडेंट बाजूच्या स्टुलावरून डोक्याशी कधी येतो, किती वेळा येतो आणि त्या वेळी शेजारी कोण बसलेलं असतं, यावर त्याची पुढची तीस वर्षं ठरतात. जागा निवडताना चौकशी करायची ती याची.

आकडा विभागाचा की रेसिडेंटचा?

‘आमच्याकडे वर्षाला हजारो मोतीबिंदू होतात’ हे वाक्य ऐकून पालक भारावतात. तो आकडा विभागाचा असतो. त्यातून आधी प्राध्यापकांच्या केसेस जातात, मग लेक्चररच्या, मग सिनियर रेसिडेंटच्या. जिथे फेलो असतात तिथे त्यांच्याही. उरलेल्या केसेस रेसिडेंटमध्ये वाटल्या जातात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: यंदा बाहेर पडलेल्या प्रत्येकाने पहिल्या चिरेपासून शेवटच्या पट्टीपर्यंत स्वतः किती मोतीबिंदू केले? त्यांतल्या एसआयसीएस किती, फेको किती?

तुलनेसाठी दोन आकडे लक्षात ठेवा. अमेरिकेत रेसिडेंटने मुख्य सर्जन म्हणून किमान ८६ मोतीबिंदू करावेत असा दंडक आहे. ब्रिटनमध्ये प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत ३५० करावे लागतात, अर्थात तिथलं प्रशिक्षण आपल्यापेक्षा बरंच लांब असतं. आपल्याकडे कॉलेजागणिक जमीन-अस्मानाचा फरक आहे. कुणी शेकड्यांनी केसेस करून बाहेर पडतं, तर कुणाच्या लॉगबुकात ‘असिस्टेड’चा रकाना भरगच्च आणि ‘परफॉर्म्ड’चा जवळपास रिकामा असतो. दोघांच्या पदवीवर मात्र तेच लिहिलेलं असतं.

एसआयसीएस आणि फेको हा भेदही समजून घ्या. एसआयसीएसमध्ये सहा-सात मिलिमीटरच्या बोगद्यातून अख्खा मोतीबिंदू बाहेर काढतात; टाका लागत नाही, महागडं मशीन लागत नाही. फेकोमध्ये दोन-तीन मिलिमीटरच्या चिरेतून अल्ट्रासाउंडने तो फोडून ओढून घेतात. सरकारी कॉलेजात एसआयसीएसवर हात चांगला बसतो. फेको काही ठिकाणी रेसिडेंटपर्यंत पोहोचतच नाही. खासगी रुग्णालयात नोकरीला गेल्यावर मात्र पहिला प्रश्न ‘फेको येतं का?’ हाच असतो. तरी एसआयसीएसला कमी लेखू नका. ग्रामीण भागात येणारे कडक, पिकलेले मोतीबिंदू आजही तिच्याच भरवशावर निघतात, आणि फेको मध्येच अडलं की सर्जन तिचाच आधार घेतो.

पायऱ्या आहेत का?

चांगल्या विभागात शिकवण्याचा क्रम ठरलेला असतो. पहिल्या वर्षी जेआर-वन ओपीडीत चष्म्याचे नंबर काढतो, स्लिट लॅम्पवर डोळा बसवतो, डोळ्याचा दाब मोजतो, लेन्सच्या पॉवरसाठी बायोमेट्री करतो, पेरिबल्बर ब्लॉक द्यायला शिकतो. सोबत वेट लॅब असते. खाटकाकडून आणलेले बकऱ्याचे डोळे, जुना मायक्रोस्कोप, वापरून झालेली ब्लेड्स आणि उरलेले टाके एवढ्यावर ती उभी राहते. ती आहे का, आणि तिची किल्ली कुणाकडे असते, हे विचारा. कुलूप लावून ठेवलेली वेट लॅब फक्त तपासणीच्या दिवशी उघडते.

मग खरी केस. जाणते शिक्षक पहिल्याच दिवशी अख्खी केस देत नाहीत, शेवटून सुरुवात करून देतात. आधी फक्त लेन्स बसवायची. ते जमलं की कॉर्टेक्स धुवायचा. मग बोगदा. मग कॅप्सुलोरेक्सिस, म्हणजे भिंगाच्या पुढच्या पातळ आवरणाला गोल भोक पाडणं. इथे नवख्याचा हात हमखास अडखळतो. कड एकदा बाहेरच्या बाजूला पळाली की सावरणं कठीण. प्रत्येक पायरी जमल्याशिवाय पुढची मिळत नाही, त्यामुळे रुग्णही सुरक्षित राहतो आणि शिकणाराही. जिथे दोन वर्षं नुसतं बघायचं आणि तिसऱ्या वर्षी एकदम ‘घे, कर’, तिथे दोघांचेही हाल होतात.

पीसी फाटल्यावर काय होतं?

भिंगाच्या मागचं आवरण, पोस्टिरिअर कॅप्सूल, मधोमध जेमतेम चार मायक्रॉन जाड असतं. मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. शिकताना ते कधी ना कधी फाटतंच. त्यामागचा जेलीसारखा पदार्थ, व्हिट्रियस, पुढे येतो, रेसिडेंटचा हात थरथरायला लागतो. त्या मिनिटाला विभागाची संस्कृती दिसते. एका ठिकाणी सर शांतपणे म्हणतात, ‘काही बाहेर ओढू नकोस, विस्को घाल, आता मी बसतो.’ संध्याकाळी रेकॉर्डिंग लावून कुठे चुकलं ते दाखवतात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा केस देतात. दुसऱ्या ठिकाणी सगळ्या ओटीसमोर पाणउतारा होतो आणि पुढचे सहा महिने केस बंद. दुसऱ्या ठिकाणचा रेसिडेंट त्यातून एकच धडा घेतो: चूक लपवायची. डोळ्याच्या शस्त्रक्रियेत याहून धोकादायक सवय नाही.

म्हणून ‘वातावरण कसं आहे’ हा प्रश्न लाडाकोडाचा नाही, तो शस्त्रक्रियेच्या शिक्षणाचाच भाग आहे. २०२३ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या नेत्रविभागाच्या रेसिडेंटसाठी मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने संप केला, तेव्हा शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत ही तक्रार ठळक होती. विभागातल्या वरिष्ठांनी आरोप नाकारले. खरं-खोटं ठरवणं हे आपलं काम नाही, पण केसेसचं वाटप किती पेटू शकतं हे त्यातून दिसलं.

नियम काय सांगतात हेही माहीत असावं. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत वर्षाला किमान २० दिवस पगारी किरकोळ रजा, साप्ताहिक सुट्टी आणि पुरेशी विश्रांती यांची तरतूद आहे. कागद आणि कॉरिडॉर यांत अंतर असतं. ते किती, हे तिथला रेसिडेंटच सांगेल. विद्यावेतन वेळेवर आणि पूर्ण हातात पडतं का, हेही विचारायला संकोच नको.

कुठे काय मिळतं?

सरकारी मेडिकल कॉलेजात रुग्ण भरपूर, फी कमी, जबाबदारी लवकर अंगावर येते. डोळ्याला मार लागलेले, जंतुसंसर्गाने कॉर्निया खराब झालेले, काचबिंदूने उशिरा आलेले असे सगळे बघायला मिळतात. कुठे फेकोचं मशीन बंद, कुठे लेन्सचा तुटवडा, आणि पदवीनंतर बॉण्डची सेवा असते, हेही धरून चाला. तीन महिन्यांच्या जिल्हा निवासी कार्यक्रमाकडे अनेक जण शिक्षा म्हणून बघतात. जिल्हा रुग्णालयात नेत्रसर्जन उत्साही असेल, तर तिथे मायक्रोस्कोप मोकळा सापडतो.

ट्रस्टच्या मोठ्या नेत्र रुग्णालयांत डीएनबी असते. पुण्याचं एच. व्ही. देसाई, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय ही नावं सगळ्यांना माहीत आहेत. मदुराईचं अरविंद १९७६ मध्ये डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांवर सुरू केलं. आज त्या समूहात वर्षाला लाखो शस्त्रक्रिया होतात. अशा ठिकाणी शिस्त कडक, दिवस पहाटे सुरू होतो, आणि दक्षिणेत गेलात तर ओपीडीसाठी तमिळ किंवा तेलुगू शिकावीच लागते. फेलो अनेक असतात, म्हणून रेसिडेंटच्या वाट्याचा प्रश्न इथेही विचारायचाच.

खासगी आणि अभिमत कॉलेजांत फी लाखांत जाते. काहींची शिबिरं उत्तम चालतात आणि रेसिडेंटला भरपूर केसेस मिळतात. काहींत इमारत देखणी पण ओपीडी ओस. इथे पैसे भरण्याआधी एखाद्या साध्या दिवशी, न सांगता, सकाळी दहा वाजता ओपीडीत जाऊन बसा. केसपेपरच्या खिडकीवर रांग आहे की नाही, एवढंही पुरेसं बोलकं असतं.

कुणाला, काय विचारायचं?

एचओडींना भेटा जरूर, पण माहिती जेआर-टू आणि जेआर-थ्रीकडून घ्या. आणि एकाकडून नाही, तिघांकडून. फोन मुलाने किंवा मुलीने स्वतः करावा. वडिलांनी केला की समोरून ‘छान आहे, काका’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न नेमके ठेवा.

– पहिली पूर्ण केस कितव्या महिन्यात मिळाली?
– केसेस आळीपाळीने मिळतात की मर्जीने? मुलींना तेवढ्याच मिळतात का?
– रेसिडेंट बसलेला असताना शेजारी शिकवणारा असतो का, की सर चहाला जातात?
– गेल्या तीन वर्षांत कुणी जागा सोडली का? का सोडली?
– आजारी पडल्यावर ड्युटी कोण करतं?
– पास झालेले आता कुठे आहेत? फेकोसाठी कितीजणांना पुन्हा फेलोशिप करावी लागली?

उत्तर देताना समोरचा घुटमळला, तर त्याचीही नोंद घ्या.

पालकांसाठी एक गोष्ट. मनासारखी जागा नाही मिळाली म्हणजे सगळं संपलं, असं नाही. एमएसनंतर रेटिना, कॉर्निया, काचबिंदू किंवा फेकोची फेलोशिप करून हाताची उणीव भरून काढणारे पुष्कळ आहेत; वर्ष-दोन वर्षं जास्त लागतात, कमाई उशिरा सुरू होते, एवढंच. पण तीन वर्षांच्या धाकाने खचलेला आत्मविश्वास फेलोशिपमध्ये सहजी परत मिळत नाही. त्यामुळे मोठ्या नावाचं कॉलेज आणि भरपूर केसेस देणारं, चुकलं तर शिकवणारं लहान शहरातलं कॉलेज अशी निवड समोर आली, तर दुसरं वर टाका. नातेवाइकांना त्या कॉलेजचं नाव ठाऊक नसेल तर नसू दे. चौथ्या वर्षी नोकरीच्या मुलाखतीला गेल्यावर विचारतात ते ‘किती केसेस केल्या?’, आणि त्याचं उत्तर आपल्याच लॉगबुकात असावं लागतं.