भिंग बदलले, उजेड का बदलला?

आमच्या महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याने शिकवण्या करून पैसे साठवले आणि आपल्या एसएलआर कॅमेऱ्यासाठी दुसऱ्याच कंपनीचे एक जुने, स्वस्त भिंग घेतले. क्रीडादिनी त्याने छायाचित्रे काढली. सावलीतली ठीक आली. भर उन्हातली मात्र फिक्की पडली. "सर, कॅमेऱ्याचा प्रकाशमापक बिघडला की भिंगच खोटे?" पैसे पाण्यात गेले, असे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आपणच याचा छडा लावू या.

भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की एफ-अंक मिळतो. ५० मिमी नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र १२.५ मिमी असेल तर एफ ४, ३.१२५ मिमी असेल तर एफ १६. आत येणारा प्रकाश व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून ४, ५.६, ८, ११, १६ या मालिकेत प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो.

पहिला संशय काचेवर. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. सहा सुट्या भिंगांचे बारा पृष्ठभाग झाले, तर जेमतेम ६१ टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो! चांगला लेप दिला तर हे नुकसान पुष्कळ कमी होते. म्हणजे एफ-अंक सारखा असूनही दोन भिंगे कमीअधिक प्रकाश देऊ शकतात. हातात धरायचा प्रकाशमापक येथे फसेल. पण कॅमेऱ्यातला मापक भिंगातून आलेलाच प्रकाश मोजतो. काचेतला तोटा त्याच्या हिशेबात आपोआप येतो. तेव्हा काच निर्दोष.

आता छिद्राकडे वळू. दृश्य उजळ दिसावे म्हणून अशा कॅमेऱ्यात छिद्र पूर्ण उघडे ठेवूनच प्रकाश मोजतात. १९६३ च्या टॉपकॉन आरई सुपरमध्ये ही सोय होती. १९६४ च्या पेंटॅक्स स्पॉटमॅटिकमध्ये मात्र छिद्र लहान करूनच मोजावे लागे. उघड्या छिद्राच्या पद्धतीत, छिद्र पुढे किती लहान होईल हे कॅमेरा गणिताने ठरवतो. प्रत्यक्षात कळ दाबल्यावर एक तरफ भिंगातील पाती मिटवते. तरफ किंचित वेगळ्या मापाची असली, किंवा पात्यांना तेल लागून ती जड झाली, तर गणित एक सांगते आणि घडते दुसरेच.

समजा, छिद्र दर वेळी १ मिमी मोठे राहते. एफ ४ ला व्यास १३.५ मिमी होईल आणि प्रकाश १७ टक्के जास्त येईल. हे सहसा लक्षातही येत नाही. पण एफ १६ ला व्यास ४.१२५ मिमी होऊन प्रकाश तब्बल ७४ टक्के जास्त! सावलीत आपण मोठे छिद्र वापरतो, उन्हात लहान. कोडे उलगडले ना?

तुम्हीही पडताळा घ्या. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा आणि सारख्या उजेडातली पांढरी भिंत टिपा. एफ ४ ला १/२५० सेकंद, ५.६ ला १/१२५, ८ ला १/६०, ११ ला १/३० आणि १६ ला १/१५ अशी वेळ हाताने लावा. पाचही चित्रांचा मध्यभाग जवळजवळ सारखाच उजळ यायला हवा. मग कॅमेऱ्याच्या मूळ भिंगाने हाच प्रयोग करा. त्यात चूक दिसली नाही, तर शटर ठीक आहे आणि दोष नव्या भिंगाच्या छिद्राचा आहे.

आमच्या विद्यार्थ्याने हेच केले. एफ ८ पर्यंत फरक नगण्य, पुढे वाढत गेलेला. त्याने एफ ११ व १६ साठी वेळ किती कमी करायची याचा तक्ता केला आणि तो भिंगाच्या डबीत ठेवला. भिंग आजही वापरात आहे. उपकरणाची चूक कळली आणि मोजली, की तिची भीती उरत नाही.

जाता जाता एक प्रश्न: याच भिंगाचे छिद्र एफ १६ ला १ मिमी लहान पडले, तर किती टक्के प्रकाश आत येईल?