शेळीनं चारा सोडला तर : जनावर वाचवा, घरही सांभाळा

उस्मानाबादी शेळी आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं ओळखली जाते. रंग बहुधा काळा, जुळी करडं नेहमीची, कमी चाऱ्यावर तग धरणारी. वस्तीतल्या कित्येक घरांत शाळेची फी आणि दवाखान्याचा खर्च तिच्याच जिवावर निघतो. म्हणून तिनं चारा सोडला की 'उद्या बघू' म्हणू नका. काही आजारांत उद्यापर्यंत वेळच नसतो.

आधी काय पाहायचं?

1. रवंथ करते का? निरोगी शेळी बसली की रवंथ करते. रवंथ बंद म्हणजे पोट बिघडलं आहे किंवा ताप आहे.

2. डावी कूस. फुगून ढोलासारखी वाजत असेल तर पोटफुगी.

3. डोळ्याची खालची पापणी. बायकांच्या अंगात रक्त कमी आहे का हे जसं पापणी ओढून बघतात, तसंच इथं. आतून लालसर असेल तर ठीक. पांढरट असेल तर बहुधा पोटात जंत आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर हे जास्त दिसतं.

4. ताप. थर्मामीटर गुदद्वारात लावून बघा. साधारण 101.5 ते 104 फॅरनहाइट ठीक. त्याच्या वर ताप समजा. अंग गार पडून पारा 100 च्या खाली गेला तर जास्त गंभीर. हा थर्मामीटर जनावरासाठी वेगळाच ठेवा.

5. नाक, डोळे, लेंड्या. नाका-डोळ्यांतून चिकट स्राव, तोंडात फोड, पातळ हगवण आणि ताप असेल तर पीपीआरची शंका घ्या. ती शेळी लगेच वेगळी बांधा. हा रोग माणसाला होत नाही, पण सगळा कळप बसवतो. याची लस एकदा टोचली की सुमारे तीन वर्षं संरक्षण मिळतं.

आपल्याकडची नेहमीची कारणं

लग्नकार्यातला उरलेला भात, शिळ्या भाकरी, पीठ किंवा उघडं राहिलेलं धान्य शेळीनं भरपूर खाल्लं की पोटात आम्ल वाढतं. ती सुस्त होते, पातळ हगते, आणि एका दिवसात दगावू शकते. धान्य बंद करून फक्त वाळका चारा पुढे ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा.

ज्वारीचे कोवळे पोंगे, कापणीनंतर फुटलेले धुमारे आणि पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी यांत विष असतं. यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. जोरजोरात श्वास, झोकांड्या, तोंडाला फेस, आणि थोड्याच वेळात मरण. घरगुती उपायात वेळ घालवू नका. यावर इंजेक्शन असतं.

उकिरड्यावरच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या पोटात अडकतात. शेळी हळूहळू खंगते. शिळं अन्न पिशवीत बांधून फेकू नका.

पोटफुगीत डॉक्टर येईपर्यंत शेळीचे पुढचे पाय उंचावर ठेवा, डावी कूस चोळा. गिळता येत असेल तरच 50 ते 100 मिलीलीटर गोडेतेल थोडं थोडं पाजा. मान वर ताणून ओतलं तर तेल फुप्फुसात जातं.

माणसांनी जपायचं

शेळी खात नाही, लाळ गळते, म्हणजे घशात काही अडकलंय असं समजून आपण तोंडात हात घालतो. तसं करू नका. कुत्रं चावलेल्या शेळीला रेबीज झाला तरी हेच दिसतं. लाळ जखमेला लागली तर साबण आणि वाहत्या पाण्यानं 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

शेळी शेवटच्या दिवसांत गाभडली किंवा वार पडली नाही तर ब्रुसेलोसिसची शंका घ्या. वार उघड्या हातानं ओढू नका. मेलेलं करडू आणि वार उचलताना हातमोजे घाला, नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. चुना टाकून खोल पुरा. गरोदर बाई आणि लेकरं तिथं नकोत. हा रोग कच्च्या दुधातूनही येतो. माल्टा बेटावर 1905 साली हे शेळ्यांमध्ये सापडलं; पुढच्या वर्षी सैनिकांनी शेळीचं दूध बंद केलं आणि त्यांच्यातला ताप ओसरला. आपण दूध बंद करायची गरज नाही, उकळून प्यायलं की झालं.

माणसात येऊन-जाऊन ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं ही याची लक्षणं. टायफॉइड किंवा मलेरिया समजून उपचार होत राहतात. म्हणून दवाखान्यात गेल्यावर 'आमच्या घरी शेळ्या आहेत, एक गाभडली होती' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. उपचार साधारण सहा आठवडे चालतो; मधेच सोडला तर ताप परत येतो.

आजारी शेळी कापून खाऊ नका, विकूही नका. दुसऱ्याच्या घरी आजार जाईल.

लक्षात ठेवा

पशुवैद्यकीय मदतीसाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. फोन करताना शेळीनं काय खाल्लं, किती वेळापूर्वी, आणि ती गाभण आहे का हे सांगा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध वस्तीतल्या सगळ्या शेळ्यांना एकाच दिवशी द्यायचं ठरवा. चार बायांनी मिळून पशुवैद्यकीय दवाखान्यात मागणी केली तर ते लवकर होतं.