निळा लाइट नेमका कुणासाठी?

प्रश्न : घरी दोन फुटांची खाऱ्या पाण्याची टाकी करायची आहे. व्हिडिओंमध्ये लोक प्रवाळाच्या टाकीसाठी एलईडी लाइट स्वतःच बनवतात. प्रकाश अगदी निळाजांभळा असतो. असा लाइट घरी बनवता येईल का? आणि तो निळाच का?
— एक वाचक, सौंसर

उत्तर : बनवता येईल, पण निळ्या रंगाची नक्कल करू नका. प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बरंचसं अन्न तेच तयार करतं. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, निळा खोलवर पोचतो. म्हणून हे शैवाल मुख्यतः 420 ते 480 नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशावर जगतं. शिवाय निळ्या उजेडात अनेक प्रवाळ चमकतात, त्यामुळे हौशी मंडळी निळा आणखी वाढवतात.

आपल्याकडे मात्र दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडाही त्याच यादीत आहे. दुकानदार काहीही म्हणो, हे घरी आणू नका. क्लाउनफिशची टाकीत पैदास करण्याचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने विकसित केलं आहे. तेव्हा अशी टाकीत वाढलेली जोडी घ्या आणि सोबत कॉलर्पासारखं हिरवं समुद्री शेवाळ लावा. माशांच्या विष्ठेतून होणारं नायट्रेट ते शोषून घेतं. त्याला पांढरा प्रकाश चांगला मानवतो, आणि दीड फूट पाण्यात लाल रंग फारसा कमी होत नाही.

म्हणजे 3 वॅटचे सात पांढरे (6500 केल्विन) आणि तीन रॉयल ब्लू एलईडी पुरेत. दहाही एका माळेत, म्हणजे सिरीजमध्ये जोडा. प्रत्येकी सुमारे 3.2 व्होल्ट धरले तर 32 व्होल्ट होतात. ड्रायव्हर 700 मिलिअँपिअरचा, कॉन्स्टंट करंट प्रकारचा घ्या आणि त्याच्या आउटपुटच्या पल्ल्यात 32 व्होल्ट बसतात ना, ते लेबलवर पाहा. मोबाइलचा चार्जर इथे चालत नाही. एलईडी तापला की त्याचा करंट वाढत जातो; तो आवरायला हाच ड्रायव्हर लागतो.

एलईडी जळतात ते बहुधा उष्णतेने. पंख असलेल्या ॲल्युमिनिअमच्या हीट सिंकवर थर्मल पेस्टचा पातळ थर देऊन ते घट्ट बसवा. तासभर चालू ठेवून प्लग काढा आणि सिंकला हात लावा. दहा सेकंद हात टिकत नसेल तर सिंक लहान पडला. खाली ॲक्रिलिकची पट्टी लावा, नाहीतर खारे शिंतोडे सोल्डरचे जोड खातील. ड्रायव्हर टाकीपासून दूर ठेवा. वायरला प्लगच्या खाली झोल द्या, म्हणजे ओघळणारं पाणी तिथेच ठिबकेल. लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच.

टायमर आठ तासांवर लावा. पांढुर्णा-सौंसरच्या मे महिन्यात टाकीवर घट्ट झाकण नको. लाइट वीतभर वर टांगा आणि पाण्यावर छोटा पंखा सोडा. पंख्याने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोजची तूट आरओच्या गोड्या पाण्यानेच भरा.