गिळलेला राग

शास्त्रवाचन : १ शमुवेल १:१-१८, इफिसकरांस ४:२६, २७

भडकलेल्या रागाविषयी आपण पुष्कळ बोलतो. गिळलेल्या रागाचा विचार मात्र क्वचितच करतो. कोरियन लोकांनी अशा रागातून होणाऱ्या दुखण्याला ‘ह्वाब्योंग’ असे नाव दिले आहे. ‘ह्वा’ म्हणजे अग्नी, ‘ब्योंग’ म्हणजे आजार. अन्याय वर्षानुवर्षे मुकाट्याने सोसल्यावर छातीवर दडपण येते, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते, अंगात उष्णता चढते, झोप उडते. सासरचा जाच सोसलेल्या मध्यम वयाच्या स्त्रियांत हे अधिक आढळते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ साली आपल्या ग्रंथात त्याची नोंद घेतली.

आपल्या भाषेतही राग हा अग्नीच आहे. तो धुमसतो, भडकतो, अंगाची लाही करतो. सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. एका खोलीत सारा संसार, घरधन्याची रात्रपाळी, माहेर दूर. अशा घरातील बहीण ‘मला राग आला आहे’ असे सहसा म्हणत नाही. ‘छातीत जळते, जीव घाबरतो’ असे म्हणते. मग कोणी पित्त म्हणतो, कोणी बाहेरची बाधा.

एली याजकाचीही अशीच चूक झाली. सवतीच्या टोमण्यांनी पोळलेली हन्ना मुक्याने प्रार्थना करीत होती. त्याला ती मद्य प्यालेली वाटली. परंतु तिने मन उघड करताच त्याने ऐकून घेतले, आणि ती जेवली. पौलही राग येऊच नये असे म्हणत नाही. तो मनात मुरू देऊ नये, असे सांगतो.

आपण काय करावे?

१. तिचे दुखणे तिच्याच शब्दांत, एकांतात ऐकावे. ऐकलेले प्रार्थनासभेत सांगू नये.

२. छातीचे दुखणे प्रथम डॉक्टरांस दाखवावे. मग मानसोपचाराचा सल्ला घ्यावा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही विनामूल्य बोलता येते.

३. ‘क्षमा कर’ असे घाईने सांगू नये. मारहाण होत असल्यास आधी तिला सुरक्षित करावे. गुजरातेत त्यासाठी १८१ हा क्रमांक आहे.

वर्गासाठी प्रश्न : एलीने पहिल्याने काय पाहिले, आणि नंतर काय ऐकले? आपल्या मंडळीत अशी कोणती हन्ना आहे, जिला आपण अद्याप काहीच विचारले नाही?