पीएचपीची चौकट कशी निवडावी?

विद्यार्थी मित्रहो, शाळेच्या ग्रंथालयाची सूची घरबसल्या पाहता यावी असे तुमच्यापैकी कोणाच्या मनात आले, तर त्याला संकेतस्थळ रचावे लागेल. ते पीएचपी भाषेत रचावयाचे ठरले, की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: कोणते फ्रेमवर्क घ्यावे? लाराव्हेल, सिम्फनी, कोडइग्नायटर, केकपीएचपी, यी, स्लिम अशी अनेक नावे कानी पडतात, आणि प्रत्येकाचे भक्त आपलेच दैवत श्रेष्ठ म्हणतात. ह्या गोंधळात निवड कशी करावी, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम भाषेविषयी थोडेसे. रास्मुस लेर्डोर्फ यांनी १९९४ साली आपल्या वैयक्तिक पानासाठी काही लहान साधने लिहिली व जून १९९५ मध्ये ती सर्वांस खुली केली. हीच पीएचपीची सुरुवात. पुढे झीव सुरास्की व अँडी गुटमन्स यांनी तिचा गाभा नव्याने रचला आणि १९९८ मध्ये तिसरी आवृत्ती निघाली. विकिपीडिया ज्यावर चालतो ते मीडियाविकी आणि असंख्य संकेतस्थळांचा आधार असलेले वर्डप्रेस, ही दोन्ही ह्याच भाषेत लिहिलेली आहेत.

मग फ्रेमवर्क म्हणजे काय? घर बांधणारा गवंडी विटा स्वतः भाजत नाही, की दाराची चौकट स्वतः तासत नाही. त्या तो आयत्या आणतो व आपले लक्ष घराच्या रचनेवर ठेवतो. तद्वत् कोणत्याही संकेतस्थळास लागणारी नित्याची कामे फ्रेमवर्कमध्ये आधीच करून ठेवलेली असतात. आलेली मागणी योग्य ठिकाणी पोचवणे, सभासदाची ओळख पटवणे, माहिती साठवणे व पान दाखवणे ही ती कामे होत. बहुतेक फ्रेमवर्कांची मांडणी तीन भागांची असते. नॉर्वेचे ट्रीग्वे रेन्सकाउग यांनी १९७९ च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या अमेरिकेतील संशोधनकेंद्रात ही कल्पना मांडली. ग्रंथालयाचेच उदाहरण घ्या. कपाटे व नोंदवही हा पहिला भाग, म्हणजे मॉडेल. आपली चिठ्ठी घेऊन काय द्यावयाचे ते ठरवणारा ग्रंथपाल म्हणजे कंट्रोलर, आणि टेबलावर आपल्यापुढे येते ते व्ह्यू. तिन्ही वेगळी ठेवल्याने एक बदलताना दुसऱ्यास धक्का लागत नाही.

सुरक्षितता हा ह्याहून मोठा लाभ होय. शोधाच्या रकान्यात पुस्तकाचे नाव लिहावयाचे असते; पण एखादा लबाड तेथे नावाऐवजी माहितीकोशास द्यावयाचा हुकूमच लिहितो. कच्च्या रचनेत तो हुकूम पाळला जातो आणि सगळी यादी पुसली जाते किंवा सभासदांचे पत्ते परक्याच्या हाती पडतात. चांगल्या फ्रेमवर्कमध्ये हुकूम व माहिती ही वेगवेगळी पाठवण्याची सोय असते. त्यामुळे लबाडाचा हुकूम निव्वळ अक्षरे म्हणूनच राहतो. मात्र ती सोय वापरावी लागते. हुकुमात माहिती आपल्या हाताने जोडणाऱ्यास कोणतेच फ्रेमवर्क वाचवू शकत नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. महाविद्यालयात असताना मी एका लहान वाचनालयाची सूची संकेतस्थळावर आणली. फ्रेमवर्क निवडले ते केवळ एका मित्राने वाखाणले म्हणून. वयोवृद्ध ग्रंथपालांनी दोन उन्हाळे खपून सर्व पुस्तकांच्या नोंदी स्वतः टंकित केल्या. पुढे त्या फ्रेमवर्कच्या कर्त्यांनी काम थांबवले. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपीची सातवी आवृत्ती आली, आणि माहितीकोशाशी बोलण्याची जी जुनी पद्धत आमचे फ्रेमवर्क वापरीत होते, ती त्या आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. सर्व्हरवर नवी आवृत्ती बसताच सूचीच्या जागी कोरे पांढरे पान दिसू लागले. नोंदी सुदैवाने शाबूत होत्या, पण सारे संकेतस्थळ पुन्हा लिहावे लागले. “माझी मेहनत बुडाली का हो?” हा ग्रंथपालांचा प्रश्न मी आजही विसरलेलो नाही.

म्हणून निवडीपूर्वी पाच गोष्टी तपासाव्यात.

पहिली, कामाचा आवाका. दोन-चार पानांच्या माहितीपत्रकास फ्रेमवर्कची गरजच नाही. थोड्या मागण्यांना उत्तरे देणारी लहान सेवा हवी असेल तर स्लिम पुरते. सभासद, परवानग्या, पत्रे, अहवाल असा पसारा असेल, तर टेलर ओटवेल यांनी २०११ मध्ये आणलेले लाराव्हेल बरीच तयारी पुरवते. फ्रान्समधील फाब्यां पोतांसिये यांचे सिम्फनी २००५ पासूनचे. त्याचे भाग सुटे सुटेही वापरता येतात, आणि खुद्द लाराव्हेलही त्यांतील कित्येक भागांवर उभे आहे.

दुसरी, सर्व्हर. मार्च २०२४ मध्ये आलेल्या लाराव्हेलच्या अकराव्या आवृत्तीस पीएचपी ८.२ किंवा त्यापुढील आवृत्ती लागते. आपल्या सर्व्हरवर काय आहे, हे आधी पाहावे. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हा नियम येथेही लागू आहे.

तिसरी, आयुष्य. फ्रेमवर्कमधील दोषांची दुरुस्ती किती काळ मिळणार, हे त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेले असते. सिम्फनीच्या दीर्घकालीन आवृत्त्यांना सुरक्षिततेच्या दुरुस्त्या चार वर्षे मिळतात. लाराव्हेलच्या आवृत्तीस त्या दोन वर्षे मिळतात. नवी आवृत्ती जुन्या लिखाणास कितपत सांभाळून घेते, हेही पाहावे. कोडइग्नायटरची फेब्रुवारी २०२० मधील चौथी आवृत्ती मुळापासून नव्याने लिहिलेली होती. तिसऱ्या आवृत्तीवरील काम तीवर जसेच्या तसे चालत नाही.

चौथी, माणसे. आपल्यामागून हे काम कोण पाहणार? त्यास येणारे, निदान शिकता येण्याजोगे फ्रेमवर्क घ्यावे. कागदपत्रे स्पष्ट असणे हा गुण वेगाहून मोलाचा आहे.

पाचवी गोष्ट आपल्या भाषेची, आणि तिचा विसर सहज पडतो. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ ह्या पद्धतीत तीन बाइट घेते. ‘मराठी’ ह्या शब्दाची लांबी पीएचपीला साध्या रीतीने विचारली तर उत्तर १५ येते. बहुबाइट रीतीने विचारली तर काना व वेलांटी वेगळी मोजून ५ येते. आणि डोळ्यांना दिसणारी अक्षरे तर ३ आहेत! सिम्फनीच्या अक्षरमालेच्या भागात ही तिसरी मोजणीही मिळते. हे न जाणता एखादे नाव मध्येच तोडले, तर ‘मराठी’चे ‘मराठ’ होते, किंवा अक्षर फुटून भलतेच चिन्ह उमटते. तेव्हा कोणतेही फ्रेमवर्क घ्या, पहिल्याच दिवशी त्यात मराठी नाव साठवून, शोधून व छापून पाहा.

ही पाच उत्तरे कागदावर लिहिली, की नावांची लांब यादी आपोआप दोनतीनवर येते. त्या दोहोंतिहींत तेच एक छोटे पान रचून पाहावे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे खरे. पण मनाचे करण्यापूर्वी हाताने करून पाहावे, इतकीच पुस्ती मी जोडीन.

मित्रहो, फ्रेमवर्के येतात आणि जातात. लोकांनी विश्वासाने सोपवलेली माहिती मात्र टिकली पाहिजे. म्हणून तिची प्रत नेहमी वेगळी काढून ठेवा, आणि आपण बांधतो आहोत त्या घरात उद्या दुसऱ्या कोणास राहावयाचे आहे, ह्याचे भान ठेवा.