समुद्रावरचा लखलखता पट्टा

प्रश्न : मावळतीला समुद्रात सूर्याचं एकच गोल प्रतिबिंब न दिसता क्षितिजापासून किनाऱ्यापर्यंत लखलखता पट्टा का दिसतो? वारा वाढला की तो पसरतो, हे खरं का?
– एक वाचक, मुरूड

उत्तर : अगदी खरं! पाणी स्तब्ध असतं तर एकच सूर्य दिसला असता. वाऱ्यानं पृष्ठभागाचे असंख्य छोटे आरसे होतात, प्रत्येकाचा कल निराळा. जो योग्य कोनात येईल तो क्षणभर चमकतो. सूर्य खाली असताना बाजूला कललेले बरेचसे आरसे किरण भलतीकडेच फेकतात, म्हणून पट्टा लांबट आणि अरुंद. शिवाय सरळ खाली येणाऱ्या प्रकाशापैकी पाणी जेमतेम 2 टक्के परतवतं, पृष्ठभागाला घासून येणारा मात्र जवळजवळ सगळा. दुपारपेक्षा संध्याकाळचं पाणी जास्त आरशासारखं वाटतं ते यामुळे.

आता गणित. एकेक लाट मोजत बसण्यात अर्थ नाही. कुठला उतार किती वेळा सापडेल, एवढी शक्यता कळली की पुरे. चार्ल्स कॉक्स आणि वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञांनी 1951मध्ये हवाईतल्या माऊई बेटाजवळ बी-17 या जुन्या बॉम्बर विमानातून ही चकाकी टिपली आणि तिच्या उजेडावरून उतार काढले. खाली बोटीवर वारा मोजला जात होता. त्यांनी समुद्रावर चक्क वापरलेलं इंजिन ऑईल, डिझेल आणि माशाचं तेल यांचं मिश्रणही ओतलं! (आज कोणी परवानगी देणार नाही.) तेलानं बारीक तरंग दबले आणि उतार एकदम सौम्य झाले. म्हणजे चकाकी पसरवण्यात मोठ्या लाटांइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा या किरकोळ तरंगांचा.

निष्कर्ष सुटसुटीत निघाला : उताराच्या वर्गाची सरासरी वाऱ्याच्या वेगाबरोबर सरळ रेषेत वाढते. सेकंदाला 2 मीटर वाऱ्यात आरशांचा सर्वसाधारण कल सुमारे साडेसहा अंश, 10 मीटरला सुमारे 13. 1954मध्ये प्रसिद्ध झालेलं हे सूत्र उपग्रहांच्या कामात आजही वापरतात.

तुमच्या किनाऱ्याशीही त्याचा संबंध आहे. मासे कुठे मिळतील याचा अंदाज देताना समुद्रातल्या हरितद्रव्याचे उपग्रह-नकाशे वापरतात. चकाकीत पाण्याचा खरा रंग बुडून जातो, म्हणून ‘ओशनसॅट’ उपग्रहावरचा कॅमेरा 20 अंशांपर्यंत पुढे-मागे कलता ठेवला आहे.