चिठ्ठीवाचून पाठवलेला रुग्ण

पैनगंगेच्या दक्षिण तीरावर, जैनद आणि बेला या मंडलांतील काळ्या जमिनीत ज्यांची शेती आहे, त्यांना भाद्रपद-आश्विनात, म्हणजे कपाशी कमरेला लागून सरीत पाय कोठे पडतो हे दिसेनासे होते त्या दिवसांत, घोणशीचे भय किती असते हे सांगावयास नको. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके सरहद्दीपलीकडे मराठी मुलखात गेले आणि आमची गावे इकडेच राहिली. त्यामुळे घरात मराठी, कचेरीत तेलुगू, आणि दुखणे मोठे असले की एक वाट आदिलाबादेस, दुसरी यवतमाळ-नागपुरास आणि तिसरी हैदराबादेस, असा आमच्या लोकांचा रिवाज पडून गेला आहे. माझ्या चुलतभावास घोणस चावली त्या वेळची हकीकत मी येथे विस्ताराने नमूद करतो, कारण त्या रात्री त्याच्या जिवावर जे संकट आले त्यास विष जितके कारण होते, तितकाच एका साध्या कागदाचा अभावही कारण होता.

दिवेलागणीच्या सुमारास दंश झाला. गावकऱ्यांनी घोट्याच्या वर सुंभाने करकचून बांधले आणि ज्या खाजगी दवाखान्याचा दिवा जवळ दिसला तेथे त्यास मोटारसायकलवर मध्ये बसवून नेले. तेथील डॉक्टरांनी सर्पविषावरील लस टोचली, काही वेळ पाहिले, आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागताच “पुढे न्या” एवढेच सांगून रुग्णास रवाना केले. कोणती लस, किती कुप्या, किती वाजता दिली, यांपैकी एका अक्षराचीही नोंद त्यांनी आमच्या हाती ठेवली नाही. रात्रीची वेळ, रुग्ण अत्यवस्थ आणि सगे घाबरलेले अशा स्थितीत चिठ्ठी मागण्याचे भान कोणास राहते? ते भान ठेवण्याचे काम पाठवणाऱ्याचे आहे, हे माझे मत मी स्पष्टपणे नोंदवतो.

सुदैवाने वाटेत ख्रिस्ती भगिनींचा एक छोटा दवाखाना लागला. कॅथलिक धर्मसंघांचे कार्य आमच्या भागात १९६२ मध्ये चांद्याच्या धर्मप्रांताबरोबर सुरू झाले आणि १९९९ मध्ये आदिलाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत निर्माण झाला. त्या दवाखान्यात असलेली तरुण डॉक्टर बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून ग्रामसेवेसाठी आलेली होती. तिने प्रथम सुंभ सोडला नाही; घट्ट बांध एकाएकी सोडला तर कोंडलेले विष एकदम अंगात पसरते, म्हणून आधी शिरेतून सलाईन आणि लस सुरू करून मगच तो हळूहळू सैल करावयाचा असतो. मग तिने विचारले, “वहिनी, आधी किती बाटल्या दिल्या?” कोणास काही सांगता येईना. तेव्हा वहिनींनी पदराची गाठ सोडली. दवाखान्याच्या फरशीवर पडलेल्या दोन रिकाम्या कुप्या त्यांनी उचलून बांधून आणल्या होत्या. प्रौढ माणसास आरंभी आठ ते दहा कुप्या लागतात. दोनच दिल्या गेल्या होत्या हे त्या दोन काचेच्या कुप्यांवरून कळले, अन्यथा पुढील उपचार अंदाजानेच करावे लागले असते.

त्यानंतर तिने जी गोष्ट केली ती मी आयुष्यात विसरणार नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रुग्णाचे थोडे रक्त काढून ती नळी मेजावर उभी ठेवली आणि वीस मिनिटे तिला हात लावू दिला नाही. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली, तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले, गोठलेच नाही. घोणशीच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नष्ट झाल्याची ती खूण होती. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही, आणि साबणाने धुतलेलीही चालत नाही, हे तिने मदतनीस मुलीस त्याच वेळी समजावून सांगितले. मग अर्ध्या पानावर तिने दंशाची अदमासे वेळ, पहिल्या दवाखान्यातील दोन कुप्या, स्वतः दिलेल्या कुप्या आणि त्यांची वेळ, नळीचा निकाल, लघवी शेवटी केव्हा झाली, इतका सर्व मजकूर लिहून आणि सही करून त्यास आदिलाबादच्या अध्यापन रुग्णालयाकडे पाठवले.

या चिठ्ठीमागे एक मोठी परंपरा उभी आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या डॉ. मेरी ग्लोरी १९२० मध्ये गुंटूरला आल्या आणि संन्यासिनी होऊनही वैद्यक करण्याची खास परवानगी त्यांना रोमहून मिळाली, कारण धर्मसंघातील स्त्रियांनी प्रसूतीसारखी कामे करू नयेत असा त्या काळचा सर्वसाधारण निर्बंध होता. तो १९३६ मध्ये उठला. १९४३ मध्ये त्यांनी भारतातील कॅथलिक रुग्णालयांची संघटना स्थापन केली आणि एका कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालयाचा ध्यास घेतला. १९५७ मध्ये त्यांचे निधन झाले. १९६३ मध्ये सेंट जॉन्स सुरू झाले. मंगळुरूस तर फादर ऑगस्टस मुलर यांनी १८८० मध्ये गरिबांसाठी काढलेला औषधालयाचा उपक्रम वाढत जाऊन १९९९ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय झाला. अशा संस्थांचे सामर्थ्य त्यांच्या खाटांच्या संख्येत जितके असते त्याहून अधिक, त्यांनी घडवून दूरवर धाडलेल्या एका डॉक्टराच्या हातात असते, ही माझी अनुभवाने झालेली समजूत आहे.

आदिलाबादेत २००८ पासून राजीव गांधी आयुर्विज्ञान संस्था हे सरकारी महाविद्यालय आहे, म्हणून आता दर रुग्णास हैदराबाद गाठावे लागत नाही. अध्यापन रुग्णालयात प्रथम जो येतो तो बहुधा शिकाऊ डॉक्टर असतो, त्याच्यामागून निवासी डॉक्टर आणि सकाळी फेरीला प्राध्यापक. तिघेही तेच प्रश्न विचारतात. याचा पुष्कळांस राग येतो, तो येऊ नये. भावाच्या खाटेशी रात्रभर बसून लघवीचे माप लिहिणारा मुलगा विद्यार्थीच होता, आणि लघवी कमी होत चालल्याचे प्रथम त्याच्याच ध्यानी आले. त्यामुळे मूत्रपिंडाचा उपचार वेळीच सुरू झाला, काही वेळा डायलिसिस करावे लागले, आणि भाऊ आज चालून शेतात जातो. प्रत्येकास तीच उत्तरे, त्याच क्रमाने, न कंटाळता द्यावीत. डॉक्टर तेलुगूत बोलत असतील आणि रुग्णास मराठी, गोंडी वा कोलामीच येत असेल, तर दुभाष्या होऊ शकेल असा एक माणूस सदैव खाटेशी ठेवावा. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी त्यातील मजकूर आपल्या भाषेत समजावून घेण्याचा हक्क रुग्णास आहे.

सर्पदंशात अवयव स्थिर ठेवून रुग्णास चालू न देता न्यावे. आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, चोखू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मिळत असेल तर मोटारसायकलीचा आग्रह धरू नये. पैशाच्या बाबतीत सरहद्दीवरील लोकांनी विशेष सावध असावे: आरोग्यश्री ही तेलंगणाची योजना आणि महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्राची; आपले शिधापत्र कोणत्या राज्याचे आहे यावर पुष्कळ काही अवलंबून असते, म्हणून पैनगंगा ओलांडून यवतमाळ किंवा नागपूरला निघण्यापूर्वी तेथील रुग्णालयात आपले कार्ड चालते की नाही याची चौकशी करावी. अर्थात विष चढत असताना या चौकशीसाठी थांबू नये. लस असलेले सर्वांत जवळचे ठिकाण गाठावे. घरी सोडताना मिळणारे कागद मूळ स्वरूपात जपून ठेवावेत आणि पुढील तपासणीस त्यांच्या प्रती न्याव्यात, कारण घोणशीच्या दंशानंतर मूत्रपिंडाची तपासणी पुढेही करावी लागते.

आणि आमच्या भागातील खाजगी दवाखानेवाल्यांस माझी हात जोडून विनंती आहे की रुग्ण आपल्या ताकदीबाहेरचा वाटला तर त्यास अवश्य पुढे पाठवा, त्यात कमीपणा नाही. पण पाठवताना औषधाचे नाव, मात्रा आणि वेळ एवढ्या तीन ओळी लिहून द्या. आणि वाचकहो, त्या ओळी मिळाल्या नाहीत तर दाराशीच त्या मागा, आणि रिकाम्या कुप्या उचलून सोबत न्या.